पोतनीस सरांचे सात टाक

देवासच्या मराठी मंडळींत शरच्चंद्र पोतनीसांच्या घरी जाणं हा एक लहानसा प्रवासच समजला जातो. आधी फाटकाची साखळी, मग जाळीचं दार, मग लाकडी दार, आणि त्या लाकडी दाराला वर, मध्ये आणि खाली अशा तीन कड्या. सर आतून एकेक उघडत येईपर्यंत बाहेरच्या पाहुण्याची चहाची इच्छा मरते आणि नुसती पाण्याची उरते. पाणी आणून देण्याआधी सर पुन्हा सगळं आतून लावतात, म्हणजे तीही मरते.

पोतनीसांचे कुणी खापरपणजोबा म्हणे संस्थानच्या खजिन्यावर होते. संस्थान गेलं, खजिना गेला, राखण करायची खोड तेवढी रक्तात राहिली. सर चौतीस वर्षं सरकारी शाळांतून गणित शिकवत फिरले. आधी बागली, मग सोनकच्छ, शेवटी देवास. सोनकच्छला भाड्याच्या खोलीबाहेर वाळत घातलेला त्यांचा पंचा एका दुपारी नाहीसा झाला. दुसरा कुणी म्हणाला असता, वाऱ्याने उडाला. सरांनी त्यावर आठवडाभर विचार केला आणि चोर कसा विचार करतो हे आपल्याला कळलं आहे, असा निष्कर्ष काढला. त्या दिवसापासून त्यांचं आयुष्य एका न दिसणाऱ्या माणसाशी बुद्धिबळ खेळण्यात गेलं. तो माणूस तीस वर्षं चाल खेळायलाच आला नाही, हे सरांना आपल्या विजयाचं लक्षण वाटायचं.

गणेशोत्सवात मराठी समाजाच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान ठरलेलं असे. पहिल्या वर्षी चाळीस माणसं होती. अलीकडे आठ असत, त्यातला एक माइकवाला. पण सरांच्या आवाजात फरक नाही. बाहेर जाताना दाराशी दणकट पुरुषी बूट ठेवा. (स्वतः सहा नंबरची चप्पल घालणाऱ्या सरांनी जुन्या बाजारातून दहा नंबरचे बूट पैदा केले होते, आणि ते महिन्यातून एकदा चिखलात बुडवून आणत, वापरातले दिसावेत म्हणून.) दोरीवर ओला टॉवेल घाला. रेडिओ चालू ठेवा, तोही बातम्यांचा, कारण गाणी लावून माणूस झोपतो आणि बातम्या लावून भांडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गावाला जातोय हे कुणालाही सांगू नका. शेजाऱ्याला तर नाहीच.

त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई पहिल्या रांगेत बसून हे सगळं ऐकत आणि घरी आल्यावर म्हणत, "यांना कधी चोर सापडलाच तर हे त्याला आधी खाली बसवून नियम लिहून घ्यायला लावतील."

सरांना यात टोमणा दिसत नसे. त्यांना ती सूचना वाटे.

यंदा वैशाखात धारला भाचीचं, श्रियाचं लग्न निघालं. मामाशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही, तेव्हा सरांना जाणं भाग होतं, आणि मामी न आली तर नणंद जन्मभर बोलली असती, म्हणून विद्युल्लताबाईंनाही. मुलगा मनन पुण्याहून परस्पर धारला पोचणार होता. म्हणजे घर पूर्ण एक दिवस रिकामं. सरांनी पंधरा दिवस आधीपासून मोर्चेबांधणी सुरू केली.

शेजारच्या फत्तेसिंगांना लग्नाचा सुगावा लागलाच होता. कॉलनीत सुगावा लागायला पत्रिका लागत नाही, बाईंच्या नव्या साडीला पिकोला टाकलेलं पुरतं. त्यांनी भिंतीवरून विचारलं, "तो भिया, धार कब निकल रहे हो?" सरांनी पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं आणि तब्येत बरी नाही, आपण बहुतेक जाणारच नाही, असं सांगितलं. फत्तेसिंग बिचारे भले माणूस. संध्याकाळी ओवा घेऊन आले. तो ओवा सरांना त्यांच्यासमोर चावून खावा लागला.

उरला प्रश्न देवांचा.

पोतनीसांच्या देवघरात इतर देवांबरोबर चांदीचे सात टाक होते. टाक म्हणजे विड्याच्या लहान पानाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली देवाची मूर्ती. भवानी, नरसिंह, घोड्यावरचा खंडोबा, भैरोबा, एकवीरा आणि दोन पूर्वज. पोतनीसांचा पूर्वज जेव्हा केव्हा दक्षिणेतून माळव्यात उतरला तेव्हा बाकी काही आणलं की नाही ठाऊक नाही, हे टाक त्याने पागोट्यात बांधून आणले, असं घरात सांगत. रोजची पूजा त्यांना चुकायची नाही. सगळं घरच गावाला निघालं तर देव उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना तांदळात ठेवून जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. देव धान्यात असले की त्यांच्या पोटाची काळजी मिटली.

सरांना या रीतीत एक जादा फायदा दिसला होता आणि तो त्यांनी व्याख्यानात सातवा मुद्दा म्हणून घातलाही होता. चोर कपाट फोडतो, गादी उसवतो, माळ्यावर चढतो. तांदळाच्या डब्यात कोण हात घालणार? पूर्वजांनी धर्म म्हणून जे केलं ते खरं तर बंदोबस्त म्हणून केलं होतं, असं सांगताना त्यांचे डोळे भरून येत.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला सरांनी सातही टाक पंच्यात गुंडाळून वीस किलोच्या डब्यात तळाशी घातले, वर तांदूळ सारखे केले, बूट मांडले, टॉवेल ओला केला, बातम्या लावल्या. पुढच्या दारावर कॅमेरा होताच. विद्युल्लताबाई अर्धा तास रिक्षात बसून होत्या. दागिने त्यांच्या अंगावर होते, म्हणून ती एक चिंता नव्हती.

लग्न छान झालं. सरांनी भाचीला बोहल्यावर नेलं, जेवताना मुलाकडच्या दोन अनोळखी माणसांना कुलपांविषयी माहिती दिली, आणि संध्याकाळी सातला नवराबायको देवासला परतले. फाटकाची साखळी जशीच्या तशी. जाळीचं कुलूप जागेवर. सरांनी एकेक उघडताना बायकोकडे असं पाहिलं की, बघितलंस? बाहेरच्या तिन्ही कड्यांची कुलपं निघाली. आत बातम्या चालूच होत्या, कुठे तरी पाऊस लांबणार असं सांगत होत्या.

स्वयंपाकघरात पाय ठेवला तर पायाखाली तांदूळ.

चोर मागच्या अंगणातून आले होते. मागचं दार साधं, एका कडीचं. सरांनी तीस वर्षं पुढूनच येणाऱ्या चोराशी डाव मांडला होता, आणि पाहुणे पुढूनच येत असल्यामुळे तो डाव कुणी तपासला नव्हता. कपाट उघडलेलं नव्हतं. गादी जागेवर. माळ्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. फक्त डबा उपडा केलेला, तांदूळ सगळ्या फरशीवर, आणि पंचा बाजूला नीट घडी करून ठेवलेला. ती घडी सरांना फार लागली.

कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. चौदा तास त्याने पुढचं बंद दार, दहा नंबरचे बूट आणि एकदा आलेलं मांजर टिपलं होतं.

फत्तेसिंग धावत आले. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांना ठोकाठोक ऐकू आली होती, चांगली वीसेक मिनिटं. मग ओरडलात का नाही, असं सरांनी विचारलं तेव्हा ते गोंधळले. "रेडियो चल रहा था, टॉवेल टंगा था, आप तो बोले थे कि जा नहीं रहे। मैंने सोचा पोतनीस साब दरवाज़े में एक और कुंडी ठोक रहे हैं।" मग दुखावलेल्या आवाजात त्यांनी एवढंच म्हटलं, "एक बार बोल देते भिया, मैं ओटले पे खाट डाल के बैठ जाता।"

सरांनी आत जाऊन रेडिओ बंद केला. ओव्याची चव त्यांच्या तोंडात अजून असावी.

ठाण्यात हेडसाहेबांनी, म्हणजे हेड कॉन्स्टेबलने, लिहून घेताना विचारलं, काय काय गेलं. सर म्हणाले, देव. हेडसाहेबांनी लेखणी थांबवली आणि देवाचं वजन विचारलं. सरांना वजन ठाऊक नव्हतं. बिल? देवाचं बिल कुठलं असायला. फोटो? आता आमच्याकडे लग्नाचे, मुंजीचे, बारशातल्या पेढ्यांचेसुद्धा फोटो असतात, पण कुलदैवताचे टाक कुणी फोटोसाठी मांडत नाही. ते दाखवायचे नसतात, असं सरांच्या आईने सांगून ठेवलेलं. हेडसाहेबांनी मान हलवत "पुरानी चाँदी की सात मूर्तियाँ" एवढं लिहिलं. ती कुठे ठेवली होती हे ऐकल्यावर मात्र ते हसले. वाईट नव्हे, आपण आपल्या भोळ्या काकांना हसतो तसे.

"सर, हर मराठी घर में वहीं रखते हैं। और चोर भी तो यहीं के हैं, बाहर से थोड़ी आए। वो सीधे चावल पे ही जाते हैं।"

सातवा मुद्दा त्या टेबलावर वारला. पण सरांचा स्वभाव इतक्यात वारणारा नव्हता. माल सापडला तर ओळखणारा कोण, बाईंचंही नाव घालू का, असं हेडसाहेबांनी विचारलं तेव्हा सर ताठ झाले आणि म्हणाले, माझं एकट्याचं लिहा. पूजा मी करतो. एक्केचाळीस वर्षं रोज या हातांनी त्यांना आंघोळ घातली आहे.

विद्युल्लताबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या पदराने चेहरा पुसत राहिल्या.

पुढच्या तीन महिन्यांत सर निम्म्याने बारीक झाले. देवघरात राहिलेल्या बाळकृष्णाची आणि अन्नपूर्णेची पूजा पाच मिनिटांत उरकायची आणि मग सर ताम्हनासमोर तसेच बसायचे, हात मांडीवर ठेवून. कुलुपं त्यांनी वाढवली नाहीत. पाहुणे आले की दार एका हाकेत उघडू लागलं, आणि त्यामुळे पाहुण्यांना जास्तच वाईट वाटू लागलं. गणेशोत्सवाच्या मंडळाने व्याख्यानाचं विचारलं, तर सरांनी घसा बसला आहे असं कळवलं. या वेळी ओवा कुणी आणला नाही.

आणि मग धारहून फोन आला. तिकडे एक टोळी सापडली होती, तिच्याकडे चांदीच्या मूर्ती मिळाल्या होत्या, तहसील कार्यालयात शिनाख्तीला, म्हणजे आपला माल ओळखायला, या. ज्या देवांना लग्नाला न्यायचं सरांनी टाळलं होतं ते आपले आपण धारला जाऊन बसले होते. सरांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. विद्युल्लताबाईंनी लगेच एक कोरं रेशमी वस्त्र काढलं आणि पेटीत घातलं. देव उघडे आणायचे नाहीत.

बसमध्ये देवास सुटल्यापासून त्या सरांना सांगत होत्या. दरवर्षी दसऱ्याआधी हे टाक चिंच लावून त्याच घासत. सोवळ्यातली पूजा सरांची, आणि टाकांवरची काळोखी काढायचं काम बाईंचं. भवानीचं नाक झिजलेलं आहे. भैरोबाची एक कड आत दुमडली आहे. खंडोबाच्या घोड्याच्या पोटाखाली, तिथे, असं काहीतरी... त्यांनी हवेत अंगठा फिरवला. ते बोलून दाखवता येईना. अंगठ्याला लागतं, त्या म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. मला काय सांगतेस, असा त्या डोलावण्याचा अर्थ होता, पण आज त्यात नेहमीचा जोर नव्हता.

तहसील कार्यालयात नायब तहसीलदार म्हणून एक तरुण बाई होत्या. बोलायला फार अदबीच्या. त्यांनी सरांना एकट्यालाच आत घेतलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एकोणीस टाक मांडलेले होते.

सरांनी मोजले. पुन्हा मोजले. गणिताच्या मास्तराला वाटलं आपलं चुकलं. बाईंनी समजावून सांगितलं. कायद्याची पद्धतच तशी आहे. सापडलेला माल तसाच दाखवला तर ओळख पटवण्याला अर्थ राहत नाही, म्हणून त्यात सारखा दिसणारा माल मिसळायचा. धारच्या सराफाकडे जुनी मराठी घरं चांदी मोडीत काढतात तेव्हा असे टाक येतात, त्यातलेच त्याने बारा दिले होते. यातले आपले सात वेगळे काढा.

पाच भवानी होत्या. चार घोडे. नरसिंह कोणता आणि भैरोबा कोणता हेच नक्की सांगता येत नव्हतं. सगळ्यांची नाकं झिजलेली, सगळ्यांच्या कडा कुठे ना कुठे दुमडलेल्या, दोनशे वर्षांच्या आंघोळींनी सगळे सारखेच गुळगुळीत. आणि कोरडे. गंध नाही, फूल नाही, हळद नाही. सरांनी एक्केचाळीस वर्षं त्यांना पाहिलं होतं ते गंधाच्या आणि झेंडूच्या आड, चष्मा काढून, कारण ताम्हनावर वाकलं की तो घसरतो, आणि तोंडाने मंत्र म्हणताना, ज्या वेळी डोळे आपोआप मिटतात. देवाकडे टक लावून बघायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी एक घोडा उचलला. खाली ठेवला. दुसरा उचलला. मग त्यांनी खरोखर डोळे मिटले आणि ओठांत आंघोळीचा मंत्र सुरू केला, हात आपोआप कुठे जातात का बघायला. हात भवानीवर गेला, मग पुढच्या भवानीवरही गेला. बाईंनी काळजीने विचारलं, "सर, तबीयत ठीक है? पानी मँगवाऊँ?"

सरांनी डोळे उघडले आणि विचारलं, माझी पत्नी बाहेर आहे, तिला आत बोलावता येईल का? तिला कळेल. बाईंना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी कागद पुढे करून दाखवला. ओळखणारा म्हणून एकच नाव होतं. दुसऱ्याच्या मदतीने ओळख पटवता येत नाही, आणि विद्युल्लताबाईंचं नाव आधी घातलं असतं तर त्यांच्याकडून वेगळी ओळख पटवून घेतली असती. अंदाजाने सांगू नका, असंही त्या म्हणाल्या. चुकलं तर आरोपीचा वकील पूर्ण केसच उडवतो.

अंदाज करायचा मोह सरांना झाला नाही असं नाही. कुठलेही सात उचलले तर निदान देवघर भरलेलं दिसलं असतं. पण त्यात दोन पूर्वज होते. भवानी कुणाचीही भवानीच. पूर्वजाचं तसं नाही. दुसऱ्या कुणाचे आजोबा घरी नेऊन त्यांना रोज आपल्या नावाने आंघोळ घालायची, आणि आपले आजोबा सराफाच्या भट्टीत पाठवायचे, हे गणित सरांकडून सुटेना. जन्मभर ज्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला हात वर केला, तो त्या टेबलाशी उभा राहून अगदी हळू म्हणाला, "नाही हो. मला ओळखू येत नाहीत."

बाईंना मराठी येत नसावं, पण त्यांना कळलं. त्यांनी लिहिलं. सरांनी सही केली. सही मात्र नेहमीसारखी सुंदर आली.

बाहेर विद्युल्लताबाई बाकावर पेटी मांडीवर घेऊन, त्यावर वस्त्र उलगडून बसल्या होत्या. सर रिकाम्या हातांनी आले. त्यांनी काय झालं ते सांगितलं, एकोणिसांचं, सारख्या नाकांचं, सहीचं. एकही शब्द लपवला नाही. बाईंनी वस्त्राची घडी घालायला घेतली आणि अर्धीच घालून थांबल्या.

तेवढ्यात देवासहून याच कामासाठी आलेले हेडसाहेब ते वर्तमानपत्र तसंच उचलून व्हरांड्यातल्या टेबलावर घेऊन आले. त्यांना सराफाचे बारा वेगळे काढून उरलेल्यांना लाखेचं सील करायचं होतं. विद्युल्लताबाई उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "भैया, एक बार हाथ लगा लूँ?"

हेडसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांच्या हातात यादी होती. "लगा लो, काकी।"

बाईंनी बघितलंही नाही. नजर त्या हेडसाहेबांच्या तोंडाकडेच होती. उजवा अंगठा फक्त फिरत होता, भाकरीचं पीठ चाचपावं तसा, आणि एकेक टाक बाजूला येत होता. भवानी. नरसिंह. खंडोबा, त्याच्या घोड्याच्या पोटावरून अंगठा एकदा जास्त फिरला. भैरोबा. एकवीरा. मग दोन पूर्वज, आधी थोरले आणि मग धाकटे. देवघरात जसे मांडलेले असत त्याच क्रमाने सात टाक वर्तमानपत्राच्या कडेला उभे राहिले. मिनिटही गेलं नसेल.

हेडसाहेबांनी हातातली यादी पाहिली, टाकांमागे चिकटवलेले आकडे पाहिले, पुन्हा यादी पाहिली.

"सातों सही हैं काकी," ते म्हणाले. "पर अब क्या फायदा। साब का कागज़ तो बन गया।"

मग त्यांनी जे सांगितलं ते सरांनी उभ्याने ऐकलं. फिर्यादीनेच ओळखत नाही असं लिहून दिलं, त्यामुळे माल आता पोलिसांच्या मालखान्यात जाणार. वकील करा, कोर्टात अर्ज टाका. मिळेल का? हेडसाहेबांनी खांदे उडवले. बेवारस ठरला तर लिलाव होतो. कधी? त्यालाही त्यांनी खांदेच उडवले. सांगता सांगता त्यांनी सात टाक एका जाड कापडी पिशवीत सोडले. एकवीरा भैरोबावर पडली, पूर्वज कुठे गेले ते दिसलं नाही. त्यांनी काडी ओढली, लाख वितळवली आणि गाठीवर ठेंगणं पितळी सील दाबून धरलं.

परतीच्या बसमध्ये सरांना खिडकीची जागा मिळाली. ती त्यांनी बाईंना दिली. इंदूरला बस रिकामी होऊन पुन्हा भरली तेव्हा सर म्हणाले, "त्या घोड्याच्या पोटाखाली काय आहे?"

"काय सांगू," बाई म्हणाल्या. "आहे काहीतरी."

सरांनी आपला हात त्यांच्यापुढे उघडा धरला. बाईंनी त्यांच्या तळव्यावर अंगठ्याने तिथला खळगा काढून दाखवला. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग थोडा दाबून. सर डोळे ताणून तळव्याकडे बघत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं.